रमीची पाटी, तीन पत्तीचा पंचनामा

बारामती आणि इंदापूरच्या न्यायालयांत मी बरीच वर्षे फौजदारी कामे चालवली. तिथे जुगाराची प्रकरणे संख्येने भरपूर आणि वकिलाच्या दृष्टीने अगदीच किरकोळ. आरोपी पहिल्या-दुसऱ्या तारखेला गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि एसटी पकडून गावी जातो. त्यामुळे हे कागद सहसा कोणी नीट वाचत नाही. मी वाचत गेलो, आणि एक गोष्ट ध्यानात आली. छाप्याच्या पंचनाम्यात खेळाचे नाव ‘तीन पत्ती’ असते, ‘तिरट’ असते, क्वचित ‘अंदर-बाहर’ असते; माझ्या हाताखालून गेलेल्या कागदांत ‘रमी’ मात्र मला कधी आढळली नाही. उलट ज्या क्लबांना दारावर उघड पाटी लावता येते, तिथे चौकशी करा. तिथे फक्त रमी चालते. तीन पत्तीचे नाव काढले तरी मॅनेजर कानांवर हात ठेवतो. खेळणारी माणसे एकाच पंचक्रोशीतली, कित्येकदा तीच. कॅट बावन्न पानांचाच. मग पंचनाम्यातला खेळ आणि पाटीवरचा खेळ यांची गाठ कधीच कशी पडत नाही?

याचे उत्तर खेळाडूंच्या आवडीनिवडीत शोधून सापडत नाही, ते कायद्यात सापडते. टेबलावर कोणता खेळ मांडायचा, पैसे दिसू द्यायचे की नाही, जागेच्या चालकाने आपला वाटा कसा काढायचा, ही सगळी रीत एका जुन्या कायद्याच्या शब्दांभोवती बेतलेली आहे. आणि या रीतीचा एक परिणाम असा, की हरणाऱ्याला दुसरा एक कायदा जे संरक्षण देऊ पाहतो ते त्याच्या हाती लागत नाही. त्या परिणामाकडे येण्याआधी हे यंत्र चालते कसे ते पाहावे लागेल.

राज्यघटनेने ‘पैज आणि जुगार’ हा विषय राज्यांकडे दिला आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची ती ३४ वी नोंद. पण आपल्या राज्याचा कायदा घटनेपेक्षा कितीतरी म्हातारा आहे. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. इलाखा गेला, द्विभाषिक आले आणि गेले, कायद्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आला, शिक्षा वेळोवेळी वाढल्या. सांगाडा तोच राहिला. पैसे लावून पत्ते खेळला की माणूस गुन्हेगार झाला, असे हा कायदा म्हणत नाही, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटते. तो तीन गोष्टी विचारतो. खेळ कुठे चालला होता? कोणाच्या फायद्यासाठी चालला होता? आणि खेळ कोणता होता?

पंचांगात कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बलिप्रतिपदेबरोबर द्यूतप्रतिपदा असेही म्हटलेले असते. पाडव्याच्या रात्री घरच्या माजघरात भाऊ-मेहुणे रुपया-दोन रुपये लावून बसले, तर त्या माजघराला ‘जुगारगृह’ म्हणता येत नाही. जुगारगृह ठरण्यासाठी जागा किंवा खेळाचे साहित्य पुरवणाऱ्याला त्यातून काही नफा व्हावा लागतो. जागेचे भाडे म्हणून, पानांचे पैसे म्हणून, नाहीतर आणखी कोणत्याही नावाने. आपल्याकडे या वाट्याला ‘नाल’ म्हणतात. प्रत्येक डावातल्या रकमेतून चालक ठरावीक हिस्सा उचलतो, तो नाल. खेळणारे जिंकोत की हरोत, नाल घेणारा कधी हरत नाही, आणि कायद्याची नजर मुख्यतः त्याच्यावर असते. अड्डा चालवणाऱ्याला कलम ४, तिथे सापडलेल्याला कलम ५. आणि चौथ्याची शिक्षा पाचव्यापेक्षा जड.

इंग्रजांनी ही नजर बरोबर आणली खरी, पण आपल्याकडे ती नवी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. द्यूत एकाच ठिकाणी, त्याच्या देखरेखीखाली चालावे, इतरत्र खेळणाऱ्याला १२ पण दंड व्हावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ राजाकडे जावेत, अशी व्यवस्था तिथे सांगितली आहे. शिवाय फासे, पाणी आणि बसायची जागा यांचे भाडे वेगळे. म्हणजे नाल घ्यायचा, पण तो राजाने. मनूला मात्र द्यूत राज्यात नकोच होते, आणि याज्ञवल्क्याला ते देखरेखीखाली चालले तर हरकत नव्हती. सरकारने जुगार बंद करावा की त्यातून महसूल घ्यावा, हा वाद आपण त्यांच्यापासून घालत आलो आहोत. १९६९ च्या एप्रिलात महाराष्ट्राने स्वतःची लॉटरी सुरू केली, तेव्हा तो वाद कोणत्या बाजूला झुकला होता हे सांगायला नको. पुण्याच्या रेसकोर्सवरच्या घोड्यांनाही १८८७ च्या कायद्याने परवान्याच्या अटीवर वगळलेलेच आहे.

आता ‘कुठे’ या प्रश्नाकडे. बंद जागेवर छापा घालायचा तर पोलिसांना कलम ६ खाली अधिकारप्राप्त वरिष्ठाचे खास वॉरंट लागते. ते वॉरंट रीतसर असेल तर कलम ७ मदतीला येते: पत्ते सापडले की जागा जुगारगृहच आहे असे गृहीत धरता येते आणि ते खोडण्याचा भार आरोपीवर येतो. वॉरंटात खोट निघाली की हे गृहीतक गळून पडते, मग नाल कोणी घेतला ते सरकारला साक्षीदारांनिशी सिद्ध करावे लागते. छाप्यात पंच म्हणून नेलेले शेजारी ऐनवेळी काही आठवत नाही म्हणतात, हे न्यायालयात उठबस असणाऱ्यांना सांगायला नको. त्या मानाने कलम १२ फार सोपे. रस्त्यावर, बाजारात, जत्रेत, सार्वजनिक जागी पैशाने खेळताना कोणी दिसला तर वॉरंटाची गरज नाही आणि नफा कोणाला झाला हेही दाखवावे लागत नाही. त्यामुळे आमच्याकडचे पंचनामे चिंचेखाली, ओढ्याच्या काठी, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या आडोशाला घडतात. ‘गोलाकार बसून, स्वतःच्या फायद्याकरिता, विनापरवाना, तीन पत्ती नावाचा जुगार खेळत असताना मिळून आले’ हे वाक्य इतके घासलेले आहे की कारकून ते डोळे मिटून लिहू शकेल.

वालचंदनगरसारख्या ठिकाणी तर ‘सार्वजनिक जागा’ हाच एक गमतीदार प्रश्न होऊन बसतो. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याच्या भरवशावर, साखर कारखाना उभा केला. पुढे तिथे यंत्रे बनवणारा मोठा कारखाना झाला, त्याची वसाहत झाली. जमीन कंपनीची, घरे कंपनीची, रस्तेही कंपनीचे. (वालचंद सोलापूरच्या जैन घराण्यातले, आणि जैनांच्या सप्तव्यसनांच्या यादीत पहिले नाव द्यूताचे आहे, म्हणून त्यांच्या नावाच्या गावात हा विषय काढताना मला थोडे अवघडल्यासारखे होते.) अशा खासगी मालकीच्या रस्त्यावरचा डाव सार्वजनिक जागेतला की नाही? न्यायालये मालकीपेक्षा वहिवाट पाहतात: लोकांना तिथे मोकळेपणी ये-जा करता येत असेल तर जागा सार्वजनिक. उसाच्या फडातला बांध मात्र, तिथून पाऊलवाट जात नसेल तर, खासगी. खेळणाऱ्यांना हे कलम पाठ नसते, पण आडबाजूचा बांध बरा, एवढे त्यांना अनुभवाने कळलेले असते.

राहिला तिसरा प्रश्न, खेळ कोणता. कलम १३ एका ओळीचे आहे: निव्वळ कौशल्याच्या खेळाला, तो कुठेही खेळला तरी, हा कायदा लागू नाही. आमच्या भागातले सगळे पत्त्यांचे क्लब या एका ओळीवर उभे आहेत.

या ओळीत रमी बसते, हे ठरले ते १९६७ साली, आणि ठरले ते सिकंदराबादच्या एका क्लबामुळे. क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर १९६३ मध्ये पोलिसांनी छापा घातला, सचिव, खजिनदार आणि सभासद रमी खेळताना सापडले, मॅजिस्ट्रेटने त्यांना दोषी धरले. उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, आणि आंध्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे लागू होता तो निजामाच्या राज्यातला, फसली सन १३०५ चा हैदराबाद जुगार कायदा. त्याचीही घडण आपल्या कायद्यासारखीच. निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले आणि पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. रमीत कोणती पाने पडली ते लक्षात ठेवावे लागते, कोणते पान धरायचे आणि कोणते टाकायचे यात डोके लागते. पाने वाटली जातात एवढा दैवाचा भाग ब्रिजमध्येही असतोच. म्हणून रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ. त्याच निकालात तुलनेसाठी तीन पानी खेळाचा, म्हणजे फ्लशचा, उल्लेख आहे. तो निव्वळ नशिबाचा ठरवला गेला. ब्रिजला पान लागले, रमीला पान लागले, तीन पत्तीचा डाव तिथेच संपला.

निकालाचा दुसरा भाग लोक सोयीने विसरतात. क्लबाने पत्ते वापरण्याबद्दल थोडी फी घेतली म्हणून तो नफा नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र रमीवर पैसे लावले जात असतील आणि क्लब त्यातून फायदा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही बजावून ठेवले. रमी सुटली ती अशी, मागे एक दोरी ठेवून. पोलिसांनी मनात आणले तर ती दोरी ओढता येते, क्लबवाल्याला ते ठाऊक असते, आणि दोघांमधल्या संबंधांत या दोरीला मोठे महत्त्व असते. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

एवढे कळले की सुरुवातीचे कोडे सुटते. फौजदाराने पंचनाम्यात ‘रमी’ लिहिले तर बचावाचा वकील कलम १३ काढणार. म्हणून झाडाखाली काहीही चाललेले असो, कागदावर तीन पत्ती येते. क्लबाने पाटीवर ‘तीन पत्ती’ लिहिले तर पाटीच पुरावा होणार. म्हणून आतल्या टेबलावर काहीही चालो, पाटीवर रमी येते. दोन्ही बाजू एकाच कलमाला घाबरून आपापल्या सोयीचे नाव लिहितात.

नावाबरोबर रीतही बदलते. क्लब बहुधा संस्था म्हणून नोंदवलेला असतो: क्रीडा मंडळ, करमणूक केंद्र, सोशल क्लब. तिथे गिऱ्हाईक नसते, सभासद असतो. डावावर शेकडा हिस्सा काढला तर तो उघड नाल, म्हणून तासाची बैठक-फी किंवा टेबलाचा आकार. याचा खेळावर लगेच परिणाम होतो. शेकडेवारीने नाल घेणाऱ्याला मोठे डाव हवे असतात. तासाने फी घेणाऱ्याला लांब बैठक हवी असते. म्हणून क्लबात चहा वेळेवर येतो, पंखा जोरात असतो, आणि घड्याळ मात्र सहज दिसेल अशा ठिकाणी मला क्वचितच दिसले. टेबलावर नोटा नसतात. तिथे प्लॅस्टिकची नाणी असतात, नाहीतर वहीत नुसते पॉइंट लिहिलेले असतात. तेरा पानी रमीत पुरता हरलेल्याच्या नावावर ८० पॉइंट चढतात. पॉइंटचा भाव पैसा की रुपया की दहा रुपये, ते वहीत कुठेही लिहिलेले नसते, ते टेबलावरच्यांना माहीत असते. हिशेब मिटतो तो जिन्याखाली, पानाच्या टपरीवर, आणि हल्ली मोबाइलवरून. वही कोणीही उघडून पाहावी, त्यात गैर काही सापडणार नाही. या वहीची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

मुंबई-पुण्याच्या तरुण मंडळींचे पत्ते म्हणजे पोकर. तो आमच्या तालुक्यात क्लबाच्या टेबलावर का आला नाही, याचेही उत्तर वरच्या तीन प्रश्नांत आहे. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन झाकली पाने, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी, आणि दर टप्प्यावर पैसे वाढवण्याची किंवा पाने टाकून बाहेर पडण्याची मुभा. हातात काही नसताना समोरच्याला हूल देऊन उठवणे, ही त्यातली खरी विद्या. जाणकार म्हणतात की दीर्घकाळात चांगला खेळाडूच जिंकतो, आणि ते मला पटते. पण कायद्यापुढे अडचण अशी, की हूल पैशानेच द्यावी लागते. रमी वहीतल्या पॉइंटवर खेळली तरी रमी राहते. पोकरमधून लावलेली रक्कम काढली तर खेळच उरत नाही. पैसे झाकून ठेवण्यावर ज्या क्लबांचे अस्तित्व, त्यांना हा खेळ परवडणारा नव्हता.

न्यायालयांचेही एकमत नाही. १८८७ चा हाच कायदा वारशाने गुजरातकडे गेला. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरात पोकर जुगारात मोडतो असे ठरवले. त्याआधी २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ म्हणून पोकर खेळणाऱ्या क्लबांना दिलासा दिला होता. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात तर ब्रिज आणि रमीच्या पंक्तीला पोकरचे नाव घालून तो जुगारातून वगळलेला आहे. म्हणजे कागलचा नाका ओलांडून निपाणीत गेले की भाषा तीच, पानांची नावे तीच, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. पण टेबलाखालचा कायदा बदललेला. गुजरातने निकाल दिलेला मजकूर आपल्या मजकुराचा सख्खा भाऊ असल्यामुळे आमच्याकडे कोणी शहाणा क्लबवाला पोकरची पाटी लावायला धजत नाही.

ज्याला समोरासमोर बसून उघडपणे पोकर खेळायचा आहे, तो गोव्याला जातो. तिथला कायदा १९७६ चा. त्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना मोकळीक मिळाली, आणि १९९६ मध्ये समुद्रावरच्या नौकांत टेबलावरच्या खेळांना. म्हणून खरे पत्ते वाटायचे तर पाण्यावर, जमिनीवर फक्त यंत्र, अशी विभागणी झाली. ‘समुद्रावरच्या’ म्हटलेल्या नौका पणजीसमोर मांडवी नदीत नांगर टाकून उभ्या असतात, हा त्यातला विनोद. आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना स्वतःलाच त्या नौकांवर जुगाराला बंदी आहे. हरण्याचा मान पाहुण्यांचा. रात्रीच्या बसने पणजीला जाणाऱ्या आमच्याकडच्या मंडळींना याचे काही वाटत नाही.

महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर याविषयीचा कायदा केला होता. तो मंजूर झाला आणि अंमलात मात्र कधीच आणला गेला नाही. सत्तेचाळीस वर्षे नुसता पुस्तकात पडून राहिला. उच्च न्यायालयात त्यावरून याचिकाही झाली. अखेर २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचे ठरवले. परवानगी द्यायची की नाही, याचा निर्णय न घेता एक कायदा निवृत्तीच्या वयाला पोचल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

मोबाइलने हे सगळे चित्र उलटवले. ‘रमी कौशल्याची’ हे १९६७ चे वाक्य, सभासदांच्या क्लबाच्या चार टेबलांसाठी उच्चारलेले, ऑनलाइन कंपन्यांनी उचलले आणि त्यावर कोट्यवधींचा धंदा उभारला. तिथे नाल घेणारा समोर बसलेला नसतो, हिस्सा आपोआप कापला जातो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने, तीन दिवसांच्या आत दोन्ही सभागृहांत, ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींनी २२ तारखेला सही केली. या कायद्याने जुन्या तिन्ही प्रश्नांना फाटा दिला आहे: कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ पुरवायचा नाही, पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जुगार हा राज्यांचा विषय असताना केंद्राला हे करता येते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला आहे.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच महिन्यात राज्याच्या कृषिमंत्र्यांची विधान परिषदेत मोबाइलवर रमी उघडल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याकडून कृषी खाते गेले ते आमच्या इंदापूरच्या आमदारांकडे, आणि इंदापूरकरांकडचे क्रीडा खाते त्यांच्याकडे. चावडीवर यावर झालेले विनोद छापण्यासारखे नाहीत.

मोबाइलवरचा पैशाचा डाव बंद झाला म्हणजे तो खेळणारा भजनाला जाऊ लागला असे होत नाही. तो पुन्हा टेबलाकडे येतो. म्हणून टेबलावर हरणाऱ्याचे काय होते, ते आता सांगितले पाहिजे.

१८८७ च्या कायद्यात हरणाऱ्याला जागा नाही. तो कलम ५ किंवा १२ चा आरोपी असतो, एवढेच. त्याची दखल घेतली आहे ती दिवाणी कायद्याने. करार कायद्याचे, १८७२ चे, कलम ३० सांगते की पैजेचा करार निरर्थक आहे. पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. मुंबई इलाखा याच्याही पुढे गेला होता. १८६५ च्या मुंबईच्या तिसऱ्या कायद्याने, पैजेला मदत म्हणून जाणूनबुजून दिलेले कर्जसुद्धा वसूल करता येत नाही असे ठरवले. इतर प्रांतांत मूळ पैज निरर्थक ठरली तरी तिच्यासाठी उसने दिलेले पैसे मागता येत. आपल्याकडे तेही नाही. हरणाऱ्याचे घरदार वाचावे म्हणून केलेली इतकी पक्की तटबंदी देशात फार कमी ठिकाणी असेल.

मात्र जिंकणारा कधी पैजेचा दावा लावतच नाही. तो हातउसन्याचा लावतो. उसाचे बिल आले की देतो, असे म्हणत हरलेला आधी चिठ्ठी देतो, मग कोरा धनादेश. क्वचित शेताची इसारपावती होते. धनादेश वटला नाही की परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस येते, आणि तिथे गृहीतक आरोपीच्या विरुद्ध असते: धनादेश दिला म्हणजे देणे होतेच. ते खोडायचे तर सांगावे लागते की हे देणे जुगाराचे होते. सांगायचे कोणी? स्वतः म्हणावे तर भर न्यायालयात, भावकीसमोर, आपण पैशाने पत्ते खेळतो अशी कबुली. टेबलावरच्यांनी म्हणावे तर त्यांनाही तीच भीती. उरली क्लबाची वही.

माझ्याकडे एक काम असे आले होते. नवरा कारखान्यात नोकरीला, थोडी बागायत, आणि नोटीस घेऊन आली त्याची बायको. रक्कम त्यांच्या दोन वर्षांच्या उसाइतकी. ‘वकीलसाहेब, यांनी हातउसने घेतले असते तर पैसे घरात आले नसते का?’ एवढाच तिचा प्रश्न होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो अगदी नेमका होता. नवऱ्याने खाली मान घालून सगळे कबूल केले, पण माझ्या टेबलापुरते. साक्षीला उभे राहायला तो तयार नव्हता. मी क्लबाच्या चालकाला वहीसह समन्स काढून घेतले. तो आला, वही घेऊन आला. वही फार नीटनेटकी होती: तारखा, टेबल क्रमांक, बैठक-फीच्या पावत्या आणि पॉइंट. पैशाने खेळ चालतो का, असे मी विचारले. ‘नाही, आमच्याकडे फक्त करमणुकीसाठी रमी चालते,’ तो म्हणाला, आणि वहीच्या कोणत्याही पानावरून त्याला खोटे पाडता आले नसते. छाप्यात वाचण्यासाठी जी वही तशी ठेवली होती, तिने इथे धनादेश धरून बसलेल्याला वाचवले.

समोरच्या वकिलांनी तर आणखी एक पान टाकले. क्षणभर धरून चालू की देणे रमीचे आहे. तरी सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटले आहे, मग ती पैज कशी आणि देणे बेकायदा कसे? १९६७ चा तो निकाल फौजदारी कायद्यापुरता आहे, करार कायद्यात प्रश्न वेगळा विचारला जातो, असे मी उत्तर दिले. ते उत्तर बरोबर होते असे मला आजही वाटते. त्यावर निकाल होण्याची वेळ आली नाही. पुढच्या तारखेआधी दोन्हीकडची जाणती माणसे भवानीनगरला एका हॉटेलात बसली आणि रक्कम थोडी कमी करून तीन हप्ते ठरले, प्रत्येक गाळप हंगामाच्या शेवटी एक. तडजोडीच्या अर्जात देण्याचे कारण ‘घरगुती अडचणीकरिता हातउसने’ असे लिहिले आहे. पहिला हप्ता तिनेच आणून दिला आणि पावती मागून घेतली.